गोळीचे बळ कशात असते?

ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह हा मूळचा किल्ला आहे, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असते. परंतु त्या भिंतींच्या आत १९ एप्रिल १९१० रोजी काय घडले, हे तलावपाळीवर रोज संध्याकाळी फिरणाऱ्यांनाही पटकन सांगता येत नाही. त्या दिवशी अनंत लक्ष्मण कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे या तिघांना तेथे फाशी देण्यात आले. कान्हेरे अवघा अठरा वर्षांचा होता. म्हणजे आपल्या प्रथम वर्षाच्या वर्गात बसणाऱ्या मुलांएवढाच. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाचा खेळ होता. त्यासाठी आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर त्याने ब्राउनिंग पिस्तुलातून गोळ्या झाडल्या आणि जॅक्सन जागीच मरण पावला.

यानंतर एकवीस वर्षांनी, २२ जुलै १९३१ रोजी, पुण्याच्या फर्गसन महाविद्यालयात जवळजवळ तोच प्रसंग घडला. मुंबई इलाख्याचे हंगामी गव्हर्नर सर अर्नेस्ट हॉटसन वाडिया ग्रंथालय पाहावयास आले असता वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने त्यांच्यावर अगदी जवळून गोळी झाडली. गोळी छातीवर लागली. पण हॉटसन पडले नाहीत, मेले नाहीत, त्यांना गंभीर इजाही झाली नाही. त्यांच्या कोटाच्या खिशात एक पाकीट होते. त्या पाकिटाच्या धातूच्या बटणावर गोळी आदळली व तेथेच तिचा जोर संपला. गव्हर्नरसाहेबांनी आत चिलखत घातले होते, अशीही गोष्ट सांगितली जाते. आपल्याकडे बटणापेक्षा चिलखत अधिक रुचते. ते काही असो, गोगटे तुरुंगात गेले, फाशी गेले नाहीत.

या दोन्ही कृत्यांचे मूल्यमापन करण्याचे काम मी इतिहासाच्या प्राध्यापकांवर सोपवतो. मला पडलेला प्रश्न त्यापेक्षा फार कोरडा आहे. दोन्ही वेळी नेम धरणारा विद्यार्थी, अंतर हातभर, हत्यार खिशात मावणारे, हेतू तोच. मग एका वेळी मृत्यू व फाशी आणि दुसऱ्या वेळी नुसता तुरुंगवास असा फरक कशाने पडला? पिस्तुलाच्या गोळीचा परिणाम नेमका कशावर ठरतो? या प्रश्नावर गेली सव्वाशे वर्षे सैनिक, पोलीस, शल्यचिकित्सक आणि घरबसले तज्ज्ञ हिरिरीने भांडत आले आहेत, आणि त्या भांडणात शस्त्रांपेक्षा माणसाच्या विचार करण्याच्या पद्धतीविषयीच जास्त शिकायला मिळते. म्हणूनच कला शाखेच्या विद्यार्थ्याने त्यात नाक खुपसायला हरकत नाही असे मला वाटते.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. बोलताना आपण ज्याला सरसकट ‘गोळी’ म्हणतो ते बहुधा काडतूस असते. पितळेची नळकांडी, तिच्या बुडाशी आघाताने पेटणारी टोपी (दिवाळीच्या टिकलीची थोरली बहीण समजा), आत दारू आणि तोंडाशी बसवलेली शिशाची गोळी, असे त्याचे चार भाग. चाप ओढला की टोपी पेटते, टोपीने दारू पेटते, दारूचा वायू होतो आणि तो वायू गोळीला नळीतून बाहेर ढकलतो. नळकांडी मागे राहते. जाते ती फक्त गोळी. कल्याणहून कर्जतची लोकल पकडणाऱ्यांच्या हे अगदी दाराशी आहे. अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी १९५० च्या दशकापासून काडतुसांसाठी लागणारे पितळ आणि इतर अलोह धातू तयार करीत आली आहे. तेथील पितळ म्हणजे साधारण सत्तर भाग तांबे व तीस भाग जस्त. पुढची काडतुसे खडकी व वरणगाव येथे बनतात. आपल्या एन. सी. सी. च्या छात्रांना .२२ ची रायफल हाताळायला मिळते, त्यांना हे सारे माहीत असेलच.

या .२२, .३२, .३८, .४५ अशा आकड्यांचा अर्थ गोळीचा इंचातील व्यास, स्थूलमानाने. ९ मिलिमीटर म्हणजे सुमारे .३५ इंच. वादाची सुरुवात याच आकड्यांपासून होते. एक पक्ष म्हणतो, गोळी जाड व जड हवी, वेग कमी असला तरी चालेल. दुसरा म्हणतो, गोळी हलकी असली तरी चालेल, पण वेगवान हवी. दोन्ही पक्ष आपापल्या बाजूने भौतिकशास्त्राचे दाखले देतात आणि दोघांच्याही मनात एक चित्र पक्के असते: गोळी लागताच माणूस मागे फेकला जातो. ते चित्र कोठून आले हे सांगण्यासाठी फार लांब जायला नको. कोणत्याही चित्रपटगृहातील पहिल्या दहा रांगांत बसलेला प्रेक्षक ते सांगेल.

वादाचा पहिला अंक हिंदुस्थानातच घडला, आणि तो रायफलीच्या गोळीवरून. १८९५ च्या चित्रळच्या मोहिमेत इंग्रज सैनिकांची तक्रार अशी की, नवी .३०३ ची गोळी धावत येणाऱ्या माणसाला आरपार जाते आणि तो मात्र धावत येतच राहतो. गोळीला धातूचे कठीण आवरण होते, त्यामुळे ती आकार न बदलता निघून जाई. कलकत्त्याजवळच्या दमदम येथील शस्त्रागारात कॅप्टन बर्टी-क्ले याने मग टोकाशी आवरण काढून शिसे उघडे ठेवलेली गोळी बनवली. ती शरीरात शिरताच पसरे. हीच ती कुप्रसिद्ध ‘डमडम’ गोळी. १८९९ च्या हेगच्या परिषदेने शरीरात पसरणाऱ्या गोळ्या युद्धात वापरू नयेत असे जाहीर केले. इंग्लंडने प्रथम सही केली नाही. पुढे १९०७ साली केली. हा जाहीरनामा युद्धापुरता असल्यामुळे आज अनेक देशांतील पोलीस पसरणाऱ्या गोळ्या वापरतात. शत्रूच्या सैनिकाला जी निषिद्ध ती स्वदेशातील गुन्हेगाराला चालते, हे प्रथम ऐकताना विचित्र वाटते. त्यामागचे कारण असे सांगितले जाते की, पसरलेली गोळी शरीरातच अडकते, आरपार जाऊन पलीकडच्या निरपराध माणसाला लागत नाही. आपल्या गर्दीच्या शहरांचा विचार केला तर हे कारण अगदीच पोकळ नाही.

दुसरा अंक अमेरिकेत. फिलिपाइन्समध्ये लढणाऱ्या अमेरिकन अधिकाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तीच तक्रार केली: .३८ च्या रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या खाऊनही मोरो लढवय्ये अंगावर येतात. तेव्हा १९०४ साली कॅप्टन थॉम्पसन आणि मेजर लागार्ड या दोघांना परीक्षणासाठी नेमले गेले. त्यांनी शिकागोच्या कत्तलखान्यात जिवंत गुरांवर आणि अन्यत्र मानवी प्रेतांवर वेगवेगळ्या गोळ्या झाडून पाहिल्या. प्रेते टांगून ठेवून गोळीने ती किती हलतात याचीही नोंद केली. वाचताना अंगावर काटा येतो. गुरांची संख्या जेमतेम डझनभर. एका जनावराला एका जागी गोळी, दुसऱ्याला दुसऱ्याच जागी. आपल्या तर्कशास्त्राच्या तासाला असा पुरावा कोणी मांडला असता तर त्याला बाकावर उभे केले असते. तरीही निष्कर्ष निघाला की, लष्करी पिस्तूल .४५ पेक्षा लहान नसावे; आणि १९११ साली स्वीकारलेले .४५ चे पिस्तूल अमेरिकन सैन्यात १९८५ पर्यंत टिकले. त्या अहवालात आणखीही एक गोष्ट होती. बहुतेक जागी लागलेली पिस्तुलाची कोणतीच गोळी माणसाला हमखास थांबवीत नाही, म्हणून सैनिकांकडून अचूक नेमाचा सराव अखंड करून घ्यावा, असे त्या दोघांनी बजावले होते. अहवालाचा पहिला अर्धा भाग साऱ्या जगाने पाठ केला व दुसरा अर्धा कोणाच्याच लक्षात राहिला नाही. नवे पिस्तूल विकत आणणे सोपे असते, रोजचा सराव कंटाळवाणा.

आता ते मागे फेकले जाण्याचे चित्र तपासून पाहू. यासाठी न्यूटनच्या पलीकडे जायला नको. ९ मिलिमीटरच्या गोळीचे वजन सुमारे ७.५ ग्रॅम आणि वेग सेकंदाला सुमारे ३६० मीटर. वस्तुमान व वेग यांचा गुणाकार म्हणजे संवेग. तो येतो २.७ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. .४५ ची गोळी दुप्पट जड, १५ ग्रॅमची, पण वेग २५५ मीटर, संवेग ३.८. आता क्रिकेटचा चेंडू घ्या. वजन १६० ग्रॅम, आणि गोलंदाज बऱ्यापैकी जलद असेल तर वेग ताशी १२६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ३५ मीटर. संवेग ५.६! म्हणजे छातीवर चेंडू बसलेल्या फलंदाजाला ९ मिलिमीटरच्या गोळीच्या दुप्पट धक्का बसतो, आणि आपण पाहतो की तो कळवळतो, खाली बसतो, पण यष्टींवरून उडून यष्टिरक्षकाच्या हातात जाऊन पडत नाही. ६५ किलोच्या माणसाला ९ मिलिमीटरच्या गोळीने जास्तीत जास्त सेकंदाला चार सेंटिमीटरचा वेग मिळेल. डोंबिवली स्टेशनच्या जिन्यावर सकाळी साडेआठला याहून मोठे धक्के मिळतात. शिवाय क्रिया आणि प्रतिक्रिया समान असतात. गोळीने जर समोरचा उडाला असता तर झाडणाराही उलट दिशेला उडाला असता.

मग ऊर्जेचे काय? वेगवान गोळीचा पक्ष येथे हात वर करतो, कारण ऊर्जेच्या हिशेबात वेगाचा वर्ग येतो. हिशेब करून पाहिला तर ९ मिलिमीटर व .४५ या दोन्हींची ऊर्जा साधारण ४९० जूल, जवळजवळ सारखीच भरते. गेल्या शतकाच्या आरंभी युरोपात प्रचंड खपलेल्या ७.६५ मिलिमीटरच्या, म्हणजेच .३२ च्या, ब्राउनिंगची ऊर्जा पावणेदोनशे जूलच्या आसपास. आणि सैनिकी ७.६२ ची रायफल? ३,३०० जूल. या शेवटच्या आकड्यापुढे पिस्तुलांमधले आपापसातले फरक किती किरकोळ आहेत ते ध्यानात येईल. पिस्तूल हे मुळातच दुबळे हत्यार आहे. ते माणूस बाळगतो ते त्याच्या बळासाठी नव्हे, खिशात मावते म्हणून.

शरीरात शिरलेली गोळी दोन प्रकारे इजा करते. जेथून ती जाते तेथील मांस, नसा, हाडे चिरडली जातात. ही कायमची पोकळी. आणि तिच्या वेगाने भोवतालचे मांस क्षणभर बाजूला ताणले जाऊन परत जागेवर येते. ही तात्पुरती पोकळी. रायफलीच्या वेगाला ही दुसरी पोकळी इतकी मोठी होते की ताणलेले मांस फाटते. पिस्तुलाच्या वेगाला तसे सहसा होत नाही, कारण स्नायू आणि फुप्फुस लवचीक असतात. ताण सोसतात आणि पूर्ववत होतात. यकृत व मेंदू मात्र सोसत नाहीत. म्हणजे पिस्तुलाच्या बाबतीत प्रश्न उरतो तो एवढाच, की गोळी कोठून गेली आणि कोठवर पोचली.

आणि त्यातही माणूस तत्काळ थांबेल याची शाश्वती फक्त एकाच ठिकाणी आहे: मेंदू किंवा मज्जारज्जूचा वरचा भाग. बाकी सर्वत्र रक्तस्राव व्हावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. हृदय पुरते निकामी झाले तरी मेंदूत उरलेल्या प्राणवायूवर माणूस दहा-पंधरा सेकंद पूर्ण शुद्धीत हालचाल करू शकतो. पंधरा सेकंद म्हणजे किती, हे घड्याळ समोर ठेवून एकदा मोजून पाहावे. मग गोळी लागताक्षणीच माणसे पडतात ती का? पुष्कळदा ती पडतात कारण गोळी लागली हे त्यांना कळते. भीती, वेदना, आणि गोळी लागल्यावर पडायचे असते ही लहानपणापासून मनावर ठसलेली समजूत. जो घाबरला नाही, किंवा ज्याच्या मनात त्या क्षणी भीतीपेक्षा मोठे काही होते, तो पडत नाही.

याचा मोठा दाखला आपल्या डोळ्यांदेखत घडला आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीजवळ साहाय्यक फौजदार तुकाराम ओंबळे यांच्या हातात फक्त लाठी होती. समोर कसाबची ए. के. रायफल, म्हणजे कोणत्याही पिस्तुलाच्या कितीतरी पट बळाचे हत्यार. ओंबळे यांनी त्या रायफलीची नळी धरली. गोळ्या शरीरात शिरत असतानाही ती सोडली नाही, आणि तेवढ्या अवधीत सहकाऱ्यांनी कसाबला जिवंत पकडले. ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. गोळीचे बळ आकड्यांत मोजणाऱ्या कोणत्याही कोष्टकात ती पकड बसत नाही.

कोष्टके मात्र बनत राहिली. १९७० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत सरकारी खर्चाने एक अभ्यास झाला. त्यात संगणकावर मानवी शरीराचा नमुना मांडून, कोणती गोळी किती मोठी तात्पुरती पोकळी करते यावरून तिला गुण दिले गेले. साहजिकच हलक्या, वेगवान, झटकन पसरणाऱ्या गोळ्या पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाल्या. संगणकाने सांगितले म्हटल्यावर बोलायची सोयच नव्हती. तशाच जातीच्या गोळ्या पुढे अमेरिकेच्या एफ. बी. आय. खात्यातही आल्या.

११ एप्रिल १९८६ रोजी मायामी शहरात या विद्येची परीक्षा झाली. आठ एफ. बी. आय. अधिकारी आणि दोन दरोडेखोर यांच्यात चकमक उडाली. प्लॅट नावाच्या दरोडेखोराला सुरुवातीलाच ९ मिलिमीटरची एक गोळी लागली. ती दंडातून आरपार गेली, छातीत शिरली, फुप्फुसापर्यंत पोचली, आणि हृदय थोडक्यावर असताना थांबली. पसरण्याचे काम तिने चोख केले होते. पसरल्यामुळेच तिची चाल लवकर संपली. जखम अशी की प्लॅट पुढे वाचला नसता. पण तो त्यानंतरही काही मिनिटे लढत राहिला, आणि त्या मिनिटांत दोन अधिकारी ठार व पाच जखमी झाले.

खात्याने चौकशी केली तेव्हा दोषाचा मोठा वाटा त्या एका गोळीवर ठेवला गेला. ही मला थोडी सोयीची चौकशी वाटते. दरोडेखोराच्या हातात रायफल होती आणि अधिकाऱ्यांच्या हातात मुख्यतः पिस्तुले, ही गोष्ट गोळीच्या जातीपेक्षा मोठी नव्हे काय? पण त्या निमित्ताने एक चांगले काम झाले. लष्करी शल्यचिकित्सक मार्टिन फॅक्लर यांनी व्हिएतनाम युद्धातील जखमा स्वतः हाताळल्या होत्या. तात्पुरत्या पोकळीचे माहात्म्य खोटे आहे, असे ते आधीपासून सांगत होते. त्यांनी जिलेटिनच्या ठोकळ्यांवर प्रयोगांची शिस्त बसवली. दहा टक्के जिलेटिन, ४ अंश सेल्सिअसला थंड केलेले, स्नायूच्या विरोधाशी ताडून पाहिलेले. गोळी कोठवर जाते हे त्यात पट्टी लावून मोजता येते. १९८७ च्या चर्चेनंतर एफ. बी. आय. ने कसोटी ठरवली की गोळी अशा जिलेटिनमध्ये निदान १२ इंच व फार तर १८ इंच जावी. म्हणजे हात आडवा आला, जाड कोट असला, नेम बाजूने धरावा लागला, तरी ती आतल्या मर्मस्थानापर्यंत पोचेल आणि पलीकडे निघूनही जाणार नाही. व्यासाचे महत्त्व त्यानंतर. ऊर्जेला तर या कसोटीत वेगळे स्थानच नाही.

वाद याने मिटला असता, पण १९९२ साली मार्शल आणि सॅनो या दोघांचे पुस्तक निघाले. त्यांनी प्रयोगशाळेला फाटा देऊन रस्त्यावरच्या प्रत्यक्ष घटना गोळा केल्या आणि कोणत्या गोळीने शंभरातील किती माणसे ‘एकाच गोळीत’ थांबली याचे टक्के छापले. टक्के पाहिले की वाचक नरमतो. पण त्यांनी घटना निवडल्या कशा? एकाहून अधिक गोळ्या लागलेल्या घटना त्यांनी वगळल्या. आता विचार करा: पहिली गोळी लागूनही माणूस थांबला नाही तर झाडणारा दुसरी झाडणारच. म्हणजे जेथे पहिली गोळी अपयशी ठरली नेमक्या त्याच घटना यादीतून गेल्या आणि यशाचे टक्के फुगले. नापास विद्यार्थ्यांची नावे आधीच पटावरून काढून टाकून शंभर टक्के निकालाची जाहिरात करावी, त्यातलाच हा प्रकार. ही चूक दाखवण्यासाठी भौतिकशास्त्र लागत नाही, आणि म्हणूनच हा प्रश्न आपल्या शाखेचाही आहे असे मी वर म्हटले.

पुढे एफ. बी. आय. ने १० मिलिमीटरचे जबर पिस्तूल घेतले. त्याचा मागचा धक्का अनेकांना आवरेना, म्हणून सौम्य करून .४० चे आले; आणि २०१५ च्या सुमारास खाते मुकाट्याने ९ मिलिमीटरकडे परतले. कारणे दोन. गोळ्यांची बनावट सुधारून ९ मिलिमीटरची गोळीही कसोटीला उतरू लागली होती, आणि धक्का कमी असल्याने बहुतेक माणसांचा नेम तिने अधिक अचूक बसत होता. लागार्ड आणि थॉम्पसन यांच्या अहवालाचा विसरलेला अर्धा भाग असा एकशेदहा वर्षांनी पुन्हा वाचला गेला.

आपल्याकडचा कायदाही आकड्यांवर विश्वास ठेवतो, बरे का. ९ मिलिमीटरचे पिस्तूल ‘निषिद्ध बोअर’ मध्ये मोडत असल्याने सामान्य नागरिकाला परवान्यावर मिळत नाही; .३२ चे मिळू शकते. व्यवस्थेच्या दृष्टीने असा भेद असेलही उपयोगी. पण लहान आकडा म्हणजे कमी घातक अशी कोणी समजूत करून घेतली असेल, तर इतिहास तिला पाठिंबा देत नाही. २८ जून १९१४ रोजी साराएवो येथे प्रिन्सिपने ऑस्ट्रियाच्या युवराजावर आणि त्याच्या पत्नीवर झाडलेल्या गोळ्या ‘९ मिलिमीटर शॉर्ट’ या दुबळ्या जातीच्या होत्या. दोनच गोळ्या, एक मानेत, एक पोटात, दोघेही गेले आणि युरोप पेटला. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत गांधीजींवर झाडल्या गेलेल्या तीन गोळ्याही त्याच जातीच्या, बेरेटा पिस्तुलातल्या. शस्त्रशौकीन या गोळीला आजही नाक मुरडतात.

उलट बाजूही पाहा. १४ ऑक्टोबर १९१२ रोजी मिलवॉकी येथे थिओडोर रूझवेल्ट यांच्या छातीवर .३८ ची गोळी झाडली गेली. त्यांच्या खिशात चष्म्याचे पोलादी घर आणि घडी घातलेले पन्नास पानी भाषण होते. दोन्हींतून जाऊन गोळी बरगडीपाशी थांबली. रूझवेल्ट यांनी व्यासपीठावर जाऊन तासाहून अधिक वेळ तेच भाषण केले, आणि ती गोळी छातीत घेऊनच ते १९१९ पर्यंत जगले. लांबलचक भाषणाने वक्त्याचा जीव वाचल्याचे हे बहुधा एकमेव उदाहरण असावे. श्रोत्यांची गोष्ट वेगळी.

गणेशखिंडीचा प्रसंग या दृष्टीने मला सर्वांत बोलका वाटतो. २२ जून १८९७ च्या रात्री राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून गव्हर्नरच्या बंगल्यातून परतणाऱ्या बग्ग्या. दामोदर चापेकर यांनी रँडवर गोळी झाडली, बाळकृष्ण चापेकर यांनी लेफ्टनंट आयर्स्टवर. रात्र एक, रस्ता एक, हल्ला एकाच कटाचा, अंतर दोन्हीकडे जवळचे. आयर्स्ट तत्काळ मरण पावला. रँडला ससून रुग्णालयात नेले आणि तो ३ जुलैला, म्हणजे अकरा दिवसांनी गेला. त्या अकरा दिवसांचा हिशेब गोळीच्या व्यासात किंवा वेगात सापडणार नाही.

तो सापडतो शरीरातल्या मार्गात. आणि पुढे जखमी माणूस कोणाच्या हाती पडतो त्यात. १८९७ साली प्रतिजैविके नव्हती. साठवलेले रक्त देण्याची सोय नव्हती. लॅंडस्टायनरने रक्तगट शोधून काढायलाही अजून तीन-चार वर्षे अवकाश होता. फुप्फुसाला किंवा आतड्याला छिद्र पडले तर शल्यचिकित्सक फारसे काही करू शकत नसे. आजचा हिशेब निराळा आहे. २ फेब्रुवारी २०२४ च्या रात्री आपल्या शेजारी उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात अगदी जवळून गोळीबार झाला. प्रकरण न्यायालयात असल्याने त्यात शिरण्याचे कारण नाही. परंतु वर्तमानपत्रांनी गोळ्यांचे आकडे ठळक मथळ्यांत छापले, आणि एवढ्या गोळ्या लागूनही माणूस वाचला कसा, याचे कित्येक दिवस लोकलच्या डब्यात आश्चर्य चालले होते. त्यात आश्चर्य वाटण्याजोगे फार नव्हते. गोळ्या मर्मस्थानी बसल्या नव्हत्या, आणि जखमींना ठाण्याच्या रुग्णालयात नेऊन त्याच रात्री शस्त्रक्रिया करता आली.

कायद्याच्या भाषेत यालाच खून आणि खुनाचा प्रयत्न यांतले अंतर म्हणतात; जुन्या दंड संहितेत कलम ३०२ व ३०७, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत १०३ व १०९. हेतू एकच असला, तरी कोणते कलम लागणार हे पुष्कळदा शल्यचिकित्सकाच्या टेबलावर ठरते, किंवा १९३१ च्या त्या दुपारी ठरले तसे, खिशातल्या एका बटणावर.